ग्रेस हॉपर : जुन्या हिशेबाला नवे घर देणारी विदुषी

बालाघाटच्या स्थानकावर उभे राहून ज्यांनी छोट्या लाईनची गाडी पाहिली आहे, त्यांना आमचा आजचा विषय अगदीच परका वाटणार नाही. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती गाडी बंगाल नागपूर रेल्वेने १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूर या मार्गाने जबलपूरपर्यंत नेली. पुढे १९९० नंतरच्या दशकात तिच्या जागी मोठी लाईन घालण्यास मंजुरी मिळाली. वरवर पाहणाऱ्यास वाटावे की, रूळ थोडे दूर सरकवले म्हणजे काम संपले. परंतु रूळ रुंद करावयाचे म्हणजे पूल नवे बांधावयाचे, वळणे सरळ करावयाची, फलाट, डबे आणि इंजिने बदलावयाची. शिवाय वाटेत घनदाट अरण्य, त्यासाठी वनखात्याची अनुज्ञा मिळवावयाची. हे सारे होऊन संपूर्ण मार्ग मोठ्या लाईनचा होण्यास २०२१ च्या सुमारासचा काळ उजाडला. जुने मोडून नवे करावयास किती काळ व किती द्रव्य लागेल याचा अंदाज बांधणे हे किती कठीण असते, हे आपल्या जिल्ह्याने असे डोळ्यांसमोर पाहिले आहे.

हाच प्रश्न संगणकांच्या जगातही आहे, आणि तेथे तो अधिकच अवघड आहे. कारण तेथील रूळ डोळ्यांना दिसत नाहीत. बँकेचे व्याज, गिरणीचा जमाखर्च, कामगारांचे वेतन, विम्याचे हप्ते हे सर्व ज्या आज्ञावलींवर चालते, त्या जुन्या यंत्रांवरून नव्या यंत्रांवर न्यावयाच्या झाल्या, तर त्याला किती दिवस व किती पैसा लागेल? हा प्रश्न ज्यांनी फार आधी ओळखला आणि त्याचे उत्तर शोधण्यात उभे आयुष्य वेचले, त्या अमेरिकन विदुषी ग्रेस हॉपर यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. माहेरचे आडनाव मरे. वडील विम्याच्या व्यवसायात होते; आईला गणिताची आवड होती; आणि पणजोबा अमेरिकेच्या आरमारात अॅडमिरलच्या पदापर्यंत चढलेले होते. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहावे म्हणून त्यांनी ते उघडले. आतले चक्र व स्प्रिंगा बाहेर पडल्या आणि त्या पुन्हा जागच्या जागी बसेनात. तेव्हा त्यांनी ते कसे बसवलेले असते हे कळावे म्हणून दुसरे घड्याळ उघडले, मग तिसरे. असे करता करता घरातील सातही घड्याळांची त्यांनी तीच गत केली. आईने त्यांना रागे भरून हाकलले नाही. यापुढे एकाच घड्याळाशी खेळावयाचे, एवढा निर्बंध घातला. उघडणे सोपे, पण होते तसे परत बसवणे कठीण, हा धडा त्यांना असा लहानपणीच मिळाला. पुढे संगणकाच्या आज्ञावलींच्या बाबतीत तोच त्यांना जन्मभर उपयोगी पडला.

त्यांच्या वडिलांची प्रकृती खालावत जाऊन त्यांना आपले दोन्ही पाय गमवावे लागले होते. आपण कदाचित मुलींच्या पाठीशी फार काळ राहणार नाही, हे जाणून त्यांनी मुलाइतकेच शिक्षण मुलींनाही द्यावयाचे ठरवले. त्या काळी अमेरिकेतही हा विचार सर्वमान्य नव्हता. ग्रेस यांना व्हॅसार महाविद्यालयात प्रवेश हवा होता. परंतु लॅटिन भाषेत गुण कमी पडल्याने पहिल्या वर्षी तो नाकारण्यात आला. त्या खचल्या नाहीत. वर्षभर पुन्हा अभ्यास करून त्यांनी प्रवेश मिळवला आणि १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पदवी संपादन केली. पुढे येल विद्यापीठात १९३० मध्ये त्या एम्. ए. झाल्या आणि १९३४ मध्ये गणितात पीएच्. डी. झाल्या. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो १९४५ मध्ये संपुष्टात आला. परंतु हॉपर हे नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत राखले. १९३१ पासून त्या व्हॅसार येथेच गणित शिकवू लागल्या.

येथपर्यंतचे त्यांचे आयुष्य एखाद्या चांगल्या प्राध्यापिकेचे आयुष्य होते. दुसऱ्या महायुद्धाने ते पालटले. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा पणजोबांच्या आरमारात आपणही सेवा करावी अशी ओढ हॉपरबाईंना लागली. पण वय पस्तिशीकडे झुकलेले आणि वजन आरमाराच्या नियमापेक्षा पंधरा पौंडांनी कमी. त्यांनी हट्ट सोडला नाही. खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या राखीव आरमारात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात आपल्या वर्गात पहिल्या आल्या. १९४४ च्या जुलैत त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन नावाचे एक अजस्र गणकयंत्र नुकतेच उभे राहिले होते.

हे यंत्र ५१ फूट लांब व ८ फूट उंच होते. त्याला एका सेकंदात तीन बेरजा करता येत आणि एका गुणाकारास सुमारे सहा सेकंद लागत. आज विद्यार्थ्यांच्या खिशातील लहानसे यंत्रही त्याच्यापुढे राक्षसासारखे बलवान ठरेल. कागदाच्या पट्टीवर भोके पाडून त्या यंत्राला आज्ञा द्यावी लागे. अशा आज्ञा लिहिणाऱ्यांत हॉपरबाई तिसऱ्या. पुढे या यंत्राचे पाचशेहून अधिक पृष्ठांचे माहितीपुस्तकही त्यांनीच सिद्ध केले.

येथे त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. वर्गमूळ काढण्याची किंवा एखादे कोष्टक तयार करण्याची आज्ञावली एकदा नीट लिहून झाली की, तिची नक्कल वहीत उतरवून ठेवीत आणि पुढच्या कामात ती पुन्हा हाताने उतरवून घेत. या उतरवण्यात चुका होत. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तरी सारे गणित कोसळे. माणसाला नक्कल करणे साधत नाही. यंत्राला ते उत्तम साधते. मग हे काम यंत्राकडेच का सोपवू नये? हा विचार त्यांच्या मनात रुजला.

१९४९ मध्ये हार्वर्डमधील त्यांचा करार संपला. तो काळ त्यांच्या मनाला फार जड गेला. परंतु स्नेह्यांच्या आधाराने आणि कामाच्या ओढीने त्या सावरल्या. फिलाडेल्फिया येथील एकर्ट व मॉक्ली यांच्या संगणक कंपनीत त्या दाखल झाल्या. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँड या मोठ्या व्यवसायाने घेतली. तेथे युनिव्हॅक हे व्यापारी उपयोगाचे यंत्र तयार होत होते. या यंत्रासाठी हॉपरबाईंनी १९५१ व १९५२ या वर्षांत ए-झीरो नावाची एक आज्ञावली रचली. वहीतल्या तयार तुकड्यांना क्रमांक द्यावयाचे आणि यंत्राने ते तुकडे स्वतःच उचलून, एकमेकांस जोडून पूर्ण आज्ञावली सिद्ध करावयाची, अशी तिची योजना होती. त्यांनी तिला कंपायलर असे नाव दिले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलर या शब्दाचे व कल्पनेचे हे आरंभीचे रूप होय.

यंत्र आपण होऊन आज्ञावली लिहू शकते, हे तेव्हा पुष्कळांना पटेना. हॉपरबाईंनी शाब्दिक वाद घातला नाही. मोजमाप पुढे ठेवले. त्यांच्या गटाने एकच गणित दोन रीतींनी करून पाहिले. जुन्या रीतीने आज्ञा हाताने लिहून, तपासून, यंत्रावर चालवण्यास सर्व मिळून चौदा तासांहून अधिक वेळ लागला. नव्या रीतीने पन्नास मिनिटांच्या आत सारे आटोपले. नव्या रीतीने तयार झालेली आज्ञावली यंत्रावर थोडी सावकाश चालते, हेही त्यांनी लपवले नाही. अंदाजाचा वाद आकड्यांनी सोडवावा आणि आकडे मांडताना आपल्या बाजूचे उणेही मांडावे, ही सचोटी वाचकांनी ध्यानी घ्यावी अशी आहे.

यानंतर त्यांनी आणखी धाडसी पाऊल टाकले. व्यापारी पेढीतील माणसे गणिती चिन्हांत विचार करीत नाहीत. ती माल, किंमत, शिल्लक, येणे, देणे अशा शब्दांत विचार करतात. मग आज्ञाही साध्या इंग्रजी शब्दांत का लिहू नयेत? वरिष्ठांनी सांगितले की, संगणकाला इंग्रजी कळत नाही. यंत्राला अक्षरे ही केवळ खुणा असतात, त्या कोणत्या भाषेतल्या याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे दाखवण्यासाठी हॉपरबाईंनी एक छोटी आज्ञावली इंग्रजीबरोबर फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. वरिष्ठ मंडळी प्रसन्न होण्याऐवजी बिचकलीच. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला परकी भाषा कळावी हे त्यांना विचित्र वाटले. तरी काम थांबले नाही. १९५५ नंतर फ्लो-मॅटिक या नावाने ती व्यापारी भाषा आकारास आली.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. १९५० नंतरच्या दशकात दर दोनचार वर्षांनी नवे यंत्र बाजारात येई आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा निराळी असे. नवे यंत्र घेतले की जुन्या आज्ञावली निरुपयोगी ठरत. १९५९ मध्ये या खर्चाची पाहणी करण्यात आली. तीत असे आढळले की, एका संगणक कार्यालयाचा आज्ञावली तयार करण्याचा खर्च सरासरीने आठ लक्ष डॉलर होता आणि त्याच आज्ञावली नव्या यंत्रावर नेण्यास आणखी सहा लक्ष डॉलर लागणार होते. घर बांधण्यास आठ लक्ष आणि तेच सामान शेजारच्या घरात हलवण्यास सहा लक्ष! अमेरिकेच्या संरक्षण खात्याजवळ त्या वेळी २२५ संगणक चालू होते, आणखी १७५ येऊ घातले होते आणि आज्ञावलींवर वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च होऊन गेला होता. हे सर्व दर काही वर्षांनी पुन्हा करावयाचे म्हटले तर खजिना रिता होण्यास वेळ लागला नसता.

८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही जाणकार एकत्र जमले. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी ही बैठक घडवून आणली होती आणि हॉपरबाई तीत होत्या. सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच व्यापारी भाषा असावी, असे तेथे ठरले. मे महिन्यात संरक्षण खात्याच्या पुढाकाराने मोठी सभा भरली आणि समित्या नेमण्यात आल्या. त्यांच्या कामातून जी भाषा जन्मली तिचे नाव कोबोल. हॉपरबाई स्वतः लेखनसमितीत नव्हत्या. त्या सल्लागार होत्या. परंतु समितीने जो पाया घेतला तो मुख्यतः त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता. म्हणून लोक त्यांना कोबोलची जननी म्हणू लागले. जीन सॅमेट आदी अनेकांचे श्रम त्या भाषेत आहेत, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे.

१९६० च्या डिसेंबरात एक परीक्षा झाली. कोबोलमध्ये लिहिलेली एकच आज्ञावली आर. सी. ए. कंपनीच्या यंत्रावर आणि रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅकवर, अशा दोन परस्परविरोधी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून पाहण्यात आली. आणि ती दोन्हींवर चालली. सहा लक्षांचे ओझे उतरण्याची आशा त्या दिवशी खरी वाटू लागली.

पण आशा आणि हिशेब यांत अंतर पडते. कोबोल सर्वत्र पसरली, तसे प्रत्येक कंपनीने तिच्यात आपल्या सोयीचे फेरफार केले. मराठी पुण्याची एक, वऱ्हाडची दुसरी, भंडारा-गोंदियाची झाडीबोली तिसरी. आणि आपल्या बालाघाटात घरोघरी पवारीचेही शब्द तीत मिसळलेले. माणसाला हा भेद गोड वाटतो, बोलणाऱ्याचा आशय त्याला कळतो. यंत्राला मात्र एक शब्द वेगळा पडला तरी काही कळत नाही. एका कंपनीची कोबोल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर अडखळू लागली आणि स्थलांतराचा खर्च पुन्हा डोके वर काढू लागला.

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी आरमाराने हॉपरबाईंना निवृत्त केले. तो दिवस त्यांना अतिशय दुःखाचा वाटला. परंतु अवघ्या सात महिन्यांनी, १९६७ च्या ऑगस्टमध्ये, आरमाराने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. आरमाराच्या निरनिराळ्या यंत्रांवरील आज्ञावलींना एक वळण लावण्याचे काम होते. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षे चालले! अंदाज चुकण्याचे याहून गमतीदार उदाहरण शोधूनही सापडणार नाही. या काळात त्यांच्या गटाने परीक्षा घेणाऱ्या आज्ञावली तयार केल्या. कोणत्याही कंपनीने आपले यंत्र कोबोल जाणते असा दावा केला की, या आज्ञावली त्यावर चालवावयाच्या. सर्व उत्तरे बरोबर आली तरच दावा खरा. शाळेत जशी परीक्षा, तशीच ती यंत्रभाषेची परीक्षा होती. बोली राहिल्या, पण प्रमाणभाषेला बळ आले.

या प्रश्नाचा आपल्या देशाशी जो संबंध आला तोही सांगण्याजोगा आहे. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली. १९७४ मध्ये तिच्याकडे परदेशाहून एक काम आले. बरोज कंपनीच्या मध्यम आकाराच्या यंत्रांच्या कोबोलमध्ये लिहिलेली रुग्णालयाच्या कारभाराची आज्ञावली त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये उतरवून द्यावयाची होती. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही बोली निराळी! मुंबईतील मंडळींनी हे काम आय. सी. एल. १९०३ या ब्रिटिश यंत्रावर बसून पुरे केले. भारतातून परदेशी जाणाऱ्या संगणकविद्येच्या कामाचा हा अगदी आरंभीचा काळ. पुढे जो प्रचंड व्यवसाय उभा राहिला, त्याच्या पायाशी असे जुन्याचे नवे करण्याचे काम आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आता असा अंदाज बांधावा तरी कसा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, आपल्या भागातील एका राईस मिलचा हिशेब तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आज्ञावलींवर चालतो. अशा दोनशे आज्ञावली आहेत आणि एक उतरवण्यास दोन दिवस लागतात. मालक म्हणेल, काम चारशे दिवसांचे. चार माणसे लावली की शंभर दिवसांत आटोपेल. हा हिशेब गणिताने बरोबर आणि व्यवहाराने चूक आहे. कारण त्यात तीस वर्षांच्या नोंदी तपासण्याचा वेळ धरलेला नाही. एकाच शेतकऱ्याचे नाव चार प्रकारे लिहिलेले असते, ते एक करावे लागते. ओल्या धानाचे वजन किती घटवावयाचे, बारदानाचे पैसे कोणाच्या खाती, हमालांना सणापूर्वी उचल द्यावयाची ती केव्हा कापावयाची, हे नियम कोणत्याही कागदावर नसतात. ते जुन्या आज्ञावलीत तरी दडलेले असतात किंवा निवृत्त मुनीमजींच्या डोक्यात तरी. ते शोधून काढण्यास उतरवण्याहून अधिक वेळ लागतो. नंतर काही महिने जुना व नवा हिशेब समांतर चालवून दोन्हींची शिल्लक पैशापैशाने जुळवावी लागते. वर्षअखेर पाहिल्याशिवाय तर खात्री होतच नाही. शिवाय कारकुनांना नवी रीत शिकवावी लागते. चारशे दिवस हा अशा रीतीने एकूण कामाचा केवळ एक भाग ठरतो.

म्हणून शहाणा माणूस आधी एकच लहान विभाग, समजा नुसते बारदानाचे खाते, आरंभापासून अखेरपर्यंत नव्या यंत्रावर नेऊन पाहतो. त्याला प्रत्यक्ष किती दिवस लागले ते मोजतो, आणि मग उरलेल्याचा अंदाज करतो. तोही एका आकड्यात नव्हे. सर्व सुरळीत झाले तर इतका, अडचणी आल्या तर इतका, असा दोन टोकांचा. चौदा तास व पन्नास मिनिटे यांची तुलना करणाऱ्या हॉपरबाईंची मोजून बोलण्याची रीत ती हीच.

मोठमोठ्या संस्थांनाही हा धडा द्रव्य मोजून शिकावा लागला आहे. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने २००८ मध्ये आपली जुनी यंत्रणा बदलण्यास ५८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील असा अंदाज केला होता. काम पाच वर्षे चालले आणि खर्च १०० कोटींच्या पुढे गेला. तरी ते काम पार पडले. इंग्लंडातील टी. एस. बी. बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये आपले ग्राहक एकदम नव्या यंत्रणेवर नेले, तेव्हा सुमारे एकोणीस लक्ष लोकांना आपल्याच खात्यापर्यंत पोचता येईना. बँकेला ३३ कोटी पौंडांचा भुर्दंड बसला आणि २०२२ मध्ये नियामकांनी सुमारे चार कोटी ८६ लक्ष पौंडांचा दंडही केला. अंदाज चुकला म्हणजे केवळ कंपनीचे पैसे जातात असे नाही. कोणाचे वेतन अडते, कोणाचे घरभाडे राहते, कोणाची औषधे थांबतात. हिशेबाच्या मागे माणसे असतात.

हॉपरबाईंच्या कार्याचा उणा भागही सांगावयास हवा. जुन्या काळी यंत्राची स्मरणशक्ती फार महाग होती. एका भोके पाडलेल्या कार्डावर ८० अक्षरेच मावत. म्हणून १९६५ ऐवजी नुसते ६५ लिहून दोन घरे वाचवण्याची प्रथा पडली. त्या आज्ञावली पंधरावीस वर्षांत टाकून दिल्या जातील, असा सर्वांचा समज होता. कोबोल इतकी टिकाऊ निघाली की त्या टाकल्याच गेल्या नाहीत. आणि २००० साल जवळ आले तसे ००, म्हणजे १९०० की २०००, हा घोळ पुढे उभा राहिला. तो निस्तरण्यास जगभर ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील, असा अंदाज गार्टनर या संस्थेने वर्तवला होता. हजारो भारतीय तरुणांना त्या कामाने रोजगार दिला. हा दोष एकट्या हॉपरबाईंचा नव्हे. तो साऱ्या पिढीचा होता. चांगले केलेले काम आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक जगते, हा हिशेब त्या पिढीने धरला नव्हता. २०२० च्या महामारीतही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे, असे आवाहन करावे लागले होते.

उतारवयात हॉपरबाई उत्तम शिक्षिका म्हणून गाजल्या. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त किती अंतर जाऊ शकते हे समजावण्यासाठी त्या सुमारे एक फूट लांबीच्या तारेचे तुकडे श्रोत्यांत वाटीत. बड्या सेनापतींनाही त्या तोच तुकडा देत. त्यांच्या कचेरीत उलट दिशेने फिरणारे एक घड्याळ टांगलेले असे. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. काट्यांनी एकाच दिशेने फिरले पाहिजे असा काही नियम नाही, हे ते घड्याळ मुकाट्याने सांगे. सात घड्याळे उघडणारी मुलगी त्यांच्यात अखेरपर्यंत जागी होती.

१९८३ मध्ये त्यांना कमोडोर व पुढे १९८५ मध्ये रिअर अॅडमिरल हे पद मिळाले. पणजोबांच्या पंक्तीत त्या जाऊन बसल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या वेळी त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि आरमाराच्या चालू सेवेतील सर्वांत वयोवृद्ध अधिकारी होत्या. त्यानंतरही एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी, नववर्षाच्या पहिल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका आरमारात दाखल झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर अर्पण करण्यात आला.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? हॉपरबाईंना नव्याची विलक्षण ओढ होती, पण जुन्याचा तिरस्कार नव्हता. वहीतल्या जुन्या तुकड्यांतूनच त्यांनी कंपायलर घडवला. जुने काम वाया जाऊ नये म्हणूनच सर्वांची एक भाषा व्हावी असा ध्यास घेतला. जुन्याला कवटाळून बसणारा मागे राहतो आणि जुन्यात काय साठवले आहे हे न पाहता ते मोडणारा फसतो. या दोहोंच्या मधली वाट मोजमापाची, धीराची आणि प्रामाणिकपणाची आहे. आपल्या शाळेतील मुलेमुलीही उद्या कोठे कोठे जुन्याचे नवे करतील; कोणी बँकेत, कोणी खाणीत, कोणी रेल्वेत, कोणी शेतात. त्यांनी काम हाती घेताना उघडलेले घड्याळ परत बसवण्याचा वेळही हिशेबात धरावा, आणि तो हिशेब चुकला तर चूक कबूल करून नव्याने मोजावे. मोठ्या लाईनच्या गाडीत बसून वैनगंगेचा पूल ओलांडताना हे एवढे आठवले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.